'द ग्रेप्स ऑफ रॉथ' : एक हिशेबाची कादंबरी आणि माझी ताई

जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी जॉन फोर्ड यांनी तिच्यावर चित्रपट काढला, आणि पुढे १९६२ मध्ये स्टाइनबेक यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढी माहिती कोणत्याही वाङ्मयकोशात सापडेल. मला अधिक बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट. कॅलिफोर्नियातील ज्या कर्न परगण्यात या कादंबरीतली माणसे राबताना दिसतात, त्या परगण्याने १९३९ च्या ऑगस्टमध्येच हे पुस्तक आपल्या शाळांतून आणि ग्रंथालयांतून काढून टाकले. ज्यांच्या दारात हे घडत होते त्यांनाच ते वाचायला नको होते.

आमच्या प्राध्यापकांनी वर्गात या कादंबरीचा उल्लेख केला तेव्हा मी ती ग्रंथालयातून नेली आणि मुळातून वाचली. वाचायला बराच वेळ लागला. तिच्यातले इंग्रजी आपल्या पाठ्यपुस्तकातले नाही. ओक्लाहोमाकडची शेतकरी माणसे शब्दांची टोके खातात, दोन शब्दांचा एक करतात, व्याकरण धाब्यावर बसवतात. पण हे मला परके वाटले नाही. किन्हवलीकडच्या आमच्या ठाकरवाडीतली बोली आणि शहापूरच्या वर्गातली मराठी यांच्यात रोज ये-जा करणाऱ्या मुलीला अशा भाषेची सवय असते. शब्द अडला की मी तो मोठ्याने उच्चारून पाही. पुष्कळदा उच्चारातूनच अर्थ उलगडे.

कथानक थोडक्यात असे. १९३० नंतरची काही वर्षे अमेरिकेच्या मध्यभागी अवर्षण पडले, वारा सुटला की जमिनीची माती आभाळात जाऊ लागली. वाट्याने शेती करणारी कुळे कर्जात होती. बँकांनी आणि जमीनमालकांनी ट्रॅक्टर आणले व कुळांना काढले. सॅलिसॉ गावाजवळचे जोड कुटुंब असेच निघते. म्हातारा-म्हातारी, आई-बाप, काका, मुलगे, गरोदर मुलगी रोझाशार्न आणि तिचा नवरा, रूथी आणि विनफिल्ड ही दोन लहान भावंडे, शिवाय केसी नावाचा धर्मोपदेश सोडून दिलेला माणूस, अशी सगळी एका जुन्या गाडीत बसून सहासष्ट क्रमांकाच्या हमरस्त्याने कॅलिफोर्नियाला जातात. तिथे फळे तोडायला माणसे हवीत, अशी छापील पत्रके त्यांनी पाहिलेली असतात. (जोड हे आडनाव मराठीत वाचताना गंमत वाटते, कारण हे कुटुंब पानोपानी तुटत जाते. आजा वाटेत मरतो, आजी वाळवंटात मरते, थोरला मुलगा नदीकाठी राहून जातो, जावई पळून जातो, टॉमला परागंदा व्हावे लागते.) शेवटी पूर येतो, रोझाशार्नला मेलेले मूल होते, आणि एका गोठ्यात भुकेने मरणाऱ्या परक्या माणसाला ती आपले दूध पाजते. तिथे कादंबरी थांबते.

या कादंबरीविषयी बोलताना बायबलची आठवण, इजिप्त सोडून निघालेल्या लोकांचे रूपक, माणसाची दुर्दम्य आशा, असे विषय सहसा निघतात. त्यात खोटे काही नाही. पण मी वाचत गेले तसतशी मला ही कादंबरी हिशेबाच्या वहीसारखी वाटू लागली. तिच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगात पैसे मोजले जातात. घरातले सारे सामान, घोड्यांसह, विकून जोडांना अठरा डॉलर मिळतात. आजा मरतो तेव्हा आधी हिशेब होतो : रीतसर दफनाला चाळीस डॉलर लागणार, जवळ दीडशे, म्हणून ते स्वतःच खड्डा खणून त्याला पुरतात आणि कोणी उकरले तर खुनाचा संशय येऊ नये म्हणून एका बाटलीत त्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवतात. हमरस्त्यावरच्या एका खाणावळीत एक बाप पंधरा सेंटांचा पाव दहा सेंटांत मागतो. त्याची दोन पोरे काचेतल्या गोळ्यांकडे बघत उभी असतात. वाढणारी बाई पाच-पाच सेंटांच्या त्या गोळ्या सेंटाला दोन असे सांगून देते, आणि ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. माझ्या मते साऱ्या कादंबरीतला हा सर्वांत निर्दोष प्रसंग आहे.

पत्रकांचा हिशेबही असाच. रस्त्यात भेटलेला एक फाटका माणूस जोडांना समजावून सांगतो : मालकाला माणसे हवीत आठशे, तो पत्रके छापतो पाच हजार, वाचतात वीस हजार. निम्मे जरी पोचले तरी उपाशी माणसांची चढाओढ लागते आणि मजुरी पडते. पुढे पीचच्या बागेत हेच प्रत्यक्ष घडते. संप मोडायला आणलेल्या जोडांना पेटीला पाच सेंट मिळतात. संपवाल्यांना अडीच देऊ केलेले असतात. संप मोडला की सगळ्यांनाच अडीच मिळणार. पहिल्या दिवशी साऱ्या घराने तोडलेल्या पीचचा एक डॉलर होतो. तो घेऊन आई मालकाच्याच दुकानात जाते, तिथे प्रत्येक वस्तू बाहेरपेक्षा महाग. डॉलर संपतो आणि जेवण झाल्यावरही टॉमची भूक उरते.

इथे आपल्या तालुक्यांकडे वळणे भाग आहे. शहापूर आणि मुरबाड येथील ज्या वाड्यांतून आपल्यापैकी बरेच विद्यार्थी येतात, तिथे भात झोडून झाले की काम संपते. आपल्या डोंगरांतले पाणी मुंबईला जाते. तानसा धरण १८९२ सालचे, नंतर मोडकसागर झाले, भातसा झाले. पण दुसऱ्या पिकाला पाणी नाही आणि उन्हाळ्यात कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात. म्हणून दिवाळीनंतर माणसे भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कातकरी जातात, ठाकर जातात. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी हे नाव पडले, त्यांचा तो धंदा गेला, मग कोळसा पाडण्याचे काम आले, तेही गेले, आणि वीटभट्टी आली. अक्षयतृतीयेच्या सुमारास हिशेब होतो आणि पावसाआधी, राब भाजायला आणि पुढे आवणीला, माणसे घरी येतात.

दोन्हीकडचे साम्य चटकन डोळ्यांत भरते. वर्गातल्या चर्चेतही ते निघाले होते. मला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. जोड कुटुंब एकदाच निघते आणि त्याला परतायला घर उरत नाही. आपली माणसे दरवर्षी जातात, दरवर्षी परततात. जोडांना कामामागे धावावे लागते. आपल्याकडे काम मुकादमाच्या पायांनी दारात येते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, गणपती किंवा दिवाळी तोंडावर असते, कोणी आजारी असते, तेव्हा मुकादम बयाणा देतो. बयाणा घेतला की पुढचे सात महिने विकले गेले. भट्टीवर दर आठवड्याला खाण्यापुरती खर्ची मिळते, ती बयाण्यात मिळवली जाते, आणि शेवटी पाडलेल्या विटांच्या हजारीतून सारे वजा होते. अंगावर फिरले, म्हणजे देणे उरले, तर पुढच्या वर्षी तिथेच. कॅलिफोर्नियातल्या मालकाला कुंपण आणि बंदूकधारी शिपाई ठेवावे लागले. इथे वहीतला आकडा पुरतो. वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला आणि उचल देऊन माणूस अडकवणे हेही त्यात आले. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी कायदा झाला तो मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. शहापूरहून भिवंडीला जाणारा त्यात कुठेच बसत नव्हता.

वही कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. माझ्या ताईविषयी लिहायचे ते एवढ्याचसाठी.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची चौथी झाली. मग मला सांभाळायला आणि विटा उचलायला ती आईबापांबरोबर भट्टीवर गेली. भट्टीवरचे काम रात्री एक-दोन वाजता सुरू होते, कारण पाडलेल्या विटेला दिवसाचे ऊन मिळाले पाहिजे. माती भिजवून, तिच्यात तूस मिसळून गारा तुडवायचा, तो साच्यात थापायचा, साचा जमिनीवर उलटा करायचा. थोडी सुकली की वीट पलटायची, मग उभी करायची. पलटण्याचे काम पोरांचे. त्यांचे हात लहान, ओली वीट मोडत नाही. राहायचे भोंग्यात, म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकलेल्या खोपटात. उभे राहिले की डोके लागते. (नव्वदच्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांना भोंगा शाळा हे नाव पडले ते यावरूनच. आमच्या भट्टीवर तशी शाळा नव्हती.)

ताईने तिथे एक शंभरपानी वही घातली. रोज सकाळी, मुकादम मोजायला येण्याआधी, ती आमच्या विटा मोजी : एका ओळीत किती आणि अशा ओळी किती. चौथीतला गुणाकार एवढ्याला पुरेसा होता. तारीख, विटा, मोडलेल्या, खर्ची, दुकानातून आणलेले, असे रकाने तिने पट्टी नसताना काडीने आखले होते. एका वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि दोन दिवसांच्या साऱ्या विटांचा पुन्हा चिखल झाला. ताईने त्याही मोजून ठेवल्या होत्या. त्यांच्यापुढे लिहिले, 'पावसाने गेल्या'. अक्षयतृतीयेला हिशेब झाला तेव्हा शेठने आपली डायरी वाचली आणि तेरा-चौदा वर्षांच्या ताईने आपली वही वाचली. पावसाने गेलेल्या विटा धरल्या गेल्या नाहीत. त्या कोणाच्याच धरत नाहीत. पण बाबा तापाने पडले होते त्या आठवड्यात आम्ही खर्ची घेतलीच नव्हती आणि ती शेठच्या डायरीत होती. ताईने ते दाखवले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग शेठने ती ओळ खोडली. पुढच्या दिवाळीत मुकादम बयाणा घेऊन आला तेव्हा बाबांना म्हणाला, "पोरीला म्हनाव, वही घरी ठेव." ताईने वही तांदळाच्या डब्यात घालून नेली.

त्याच वहीवरून माझे शिक्षण ठरले. मी सहा वर्षांची होते आणि विटा पलटू लागले होते. मला आश्रमशाळेत घालावे असे ताईचे म्हणणे; बाबांना ते पटेना, हाताखालचे पोर कमी होईल म्हणून. ताईने वही उघडून विचारले, हिने पलटलेल्या विटांचे शेठ वेगळे किती देतो? काहीच नाही. हजारी आईबापाच्या जोडीला मिळते. मग ही इथे राहून खाते खर्चीतले. तिथे सरकार जेवायला घालते. बाबांना हा हिशेब खोडता आला नाही. ताई स्वतः मला घेऊन आश्रमशाळेत गेली आणि नाव घालून आली.

अशा बहिणींविषयी लिहिताना 'त्याग' हा शब्द फार सहज वापरला जातो. आपल्या वार्षिकांकातही तो वारंवार येतो. मला तो ताईला लावावासा वाटत नाही. त्याग म्हटले की मान खाली घातलेली, डोळे भरलेली मूर्ती समोर येते. ताई मान वर करून वाचत होती. तिने आमच्या घरातल्या प्रत्येक माणसाच्या श्रमाची किंमत काढली आणि ती कुठे बुडते आहे ते दाखवले. स्वतःच्या श्रमाचीही तिने काढली होती. तिचा हात साच्यावर बसला होता, ती नसती तर रोजच्या हजार-बाराशे विटा झाल्या नसत्या, आणि बयाणा फिटला नसता. तो हिशेब तिच्या विरुद्ध गेला आणि तिने तोही मान्य केला. मला याचे कौतुक वाटते आणि रागही येतो.

या दृष्टीने पाहता जोडांची आई ही या कादंबरीची खरी नायिका ठरते. निघण्याच्या आदल्या रात्री ती जुनी पत्रे असलेली पेटी उघडते, थोडे ठेवते आणि बाकीचे चुलीत घालते. कुटुंबाची फाटाफूट व्हायची वेळ येते तेव्हा जॅकचा दांडा हातात घेऊन नवऱ्यापुढे उभी राहते. वाळवंट ओलांडताना म्हातारी मेलेली असते, पण तपासणी नाक्यावर गाडी अडकू नये म्हणून ती रात्रभर प्रेताशेजारी पडून राहते आणि पलीकडे पोचल्यावर मग सांगते. यात ममता आहेच, परंतु त्याहून अधिक आहे तो हिशेब : आत्ता बोलले तर काय जाईल, सकाळी बोलले तर काय वाचेल.

रोझाशार्नविषयी मात्र टीकाकारांचे मत प्रतिकूल दिसते. ती सुरुवातीपासून स्वतःच्या पोटातल्या मुलापलीकडे काही पाहत नाही, सतत कुरकुरते, आणि शेवटच्या दोन पानांत एकदम जगन्माता होते. हा बदल लेखकाने लादला आहे, असा आक्षेप घेतला जातो. मी हा आक्षेप ताईला सांगितला. ताई आता मुरबाड तालुक्यात टोकावड्याकडे नांदते. किन्हवलीहून सरळगावला गाडी बदलून मी सुट्टीत तिच्याकडे जाते, आणि गेल्या दिवाळीत तीन रात्री मी तिला ही सारी कादंबरी आपल्या बोलीत सांगितली. गोठ्यातल्या प्रसंगाला ती रडेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "पोर मेलं म्हून दूध थांबतं का? छाती दाटून आली आसंल तिची. ताप भरतो त्यानं." थोड्या वेळाने म्हणाली, "तिला कुनी मागितलं नाय ना? आईनं नुसतं बघितलं?" मी हो म्हटले. ताई म्हणाली, "मग बरं."

मला वाटते, आक्षेपाचे उत्तर यात आहे. त्या प्रसंगाला प्रतीक म्हणण्याआधी त्यात एक शरीर आहे, आणि त्या शरीराला मूल गेल्याचे अजून कळलेले नाही. दुधाला जागा नाही, समोरच्या माणसाला अन्न नाही. शिवाय बदल एकदम झालेला नाही. पूर येण्याआधी, दिवस भरत आलेले असताना, रोझाशार्न हट्टाने उठून घरच्यांबरोबर कापूस वेचायला जाते. आई नको म्हणते, ती ऐकत नाही. कुरकुरणारी मुलगी तिथेच संपली. वाचकाचे लक्ष त्या वेळी टॉमच्या निरोपाकडे असते, म्हणून हे निसटते.

टॉमच्या निरोपाविषयीही ताईचे मत वेगळे पडले. जिथे जिथे भुकेली माणसे लढतील तिथे मी असेन, या आशयाचे त्याचे बोलणे फार गाजलेले आहे आणि मलाही ते आवडते. ताईने ऐकून घेतले आणि विचारले, तो गेल्यावर कापूस वेचणारे हात किती उरले?

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. मधल्या प्रकरणांत लेखक स्वतः पुढे येऊन बोलतो. काही ठिकाणी त्याचे गद्य फार सुंदर आहे, काही ठिकाणी ते सभेतले भाषण होते. जोडांच्या आधी कॅलिफोर्नियातल्या त्याच शेतांत मेक्सिकन, फिलिपिनो, जपानी मजूर राबत होते. १९३६ साली स्टाइनबेक यांनी 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज' या दैनिकात स्थलांतरितांवर लेखमाला लिहिली तेव्हा त्यांना हे ठाऊक होते, पण कादंबरीत त्या लोकांचा उल्लेख ओझरता येतो. ज्यांच्या दुःखाकडे गोरा वाचक वळेल अशीच माणसे त्यांनी निवडली असे म्हणावेसे वाटते. आपल्याकडे याच्या उलट झाले आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'मध्ये (१९६५) आम्ही ठाकर आहोत, पण डोंगर, ढोल आणि मधमाश्यांसह. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले वारली वेठीविरुद्ध उभे राहतात. ती कादंबरी नव्हे, पण कोणत्याही कादंबरीइतकी ती वाचकाला धरून ठेवते. भोंग्यात राहणाऱ्या मुलीला रोझाशार्नएवढी पाने मिळालेली मला पाहायची आहेत.

रूथीविषयी लिहायचे राहिले. ती बारा वर्षांची, विनफिल्ड तिचा धाकटा भाऊ. समीक्षक तिच्याकडे फारसे वळत नाहीत. सरकारी छावणीत ती खेळात घुसते, सगळ्यांना हुसकावते आणि मग एकटी पडते. पुढे भांडणात बढाई मारून भावाचे लपणे उघड करते, आणि म्हणून टॉमला जावे लागते. पूर आल्यावर, गोठ्याकडे चिंब भिजत जाताना, सगळे संपल्यासारखे असताना, तिला रस्त्याकडेला जिरेनियमचे एक रानटी झालेले फूल सापडते. तिची पाकळी ती कपाळाला चिकटवते. विनफिल्ड मागतो, ती देत नाही, आई दटावते, मग रूथी एक पाकळी तोडून त्याच्या नाकावर जोरात दाबते.

हा प्रसंग सांगितला तेव्हा मात्र ताई पोट धरून हसली. शेजारी तिची मुलगी झोपली होती, ती जागी झाली. "तू बी आशीच मागायचीस," ताई म्हणाली, "जे माज्या हातात आसंल तेच. वही बी मागायचीस. म्हून तुला मागची पानं दिली व्हती चित्रं काढाया."

ती पाने अजून आहेत. एका बाजूला माझे कोंबडे आणि घरे आहेत, आणि पान उलटले की दुसऱ्या बाजूला फेब्रुवारीच्या विटा.